कंबरेच्या हाडांची छाया

क्ष-किरणांच्या साहाय्यानें जगानें जिवंत माणसाच्या शरीराचा जो भाग प्रथम आंतून पाहिला, तो हात होता. १८९५ च्या डिसेंबरांत जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें प्रोफेसर रोंटगेन यांनीं आपल्या पत्नीचा हात छायाचित्राच्या काचेवर ठेवविला, त्यावर सुमारें पंधरा मिनिटें किरण सोडले, आणि बोटांचीं सांधेदार हाडें व एका बोटाभोंवतीं तरंगणारी अंगठी असें तें सुप्रसिद्ध चित्र उमटलें. पुढें कितीतरी दिवस जिकडे तिकडे हाताचींच चित्रें निघत होतीं. त्याचें कारण साधें होतें. हात पातळ, तो काचेवर सपाट ठेवतां येतो, आणि त्या काळच्या दुबळ्या नळ्यांना तेवढेंच झेपत असे.

कंबरेची गोष्ट निराळी. क्ष-किरणांच्या दृष्टीनें कंबर हा एक दुर्गम गडच म्हणावयाचा. प्रौढ माणसाच्या या भागांत वीस सेंटिमीटर किंवा त्याहूनहि अधिक जाडीच्या मांसाच्या, चरबीच्या व आंतड्यांच्या गराड्यांत हाडें बसलेलीं असतात. आरंभीच्या वर्षांत कंबरेचें एक चित्र घेण्यास अर्धा तास, क्वचित् त्याहूनहि जास्त वेळ लागे. आणि ज्याच्यासाठीं हा खटाटोप करावयाचा, तें पुष्कळदां पांच-सहा वर्षांचें लंगडणारें मूल असे. त्यानें अर्धा तास न हलतां पडून राहावें ही अपेक्षा कितपत व्यवहार्य होती, हें घरांत मुलें असणाऱ्या श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाहीं.

वेळ वाढवूनहि चित्र स्वच्छ येईना. किरण शरीरांतून सरळ पार होतात, तसे ते मांसांत शिरून वाटेल त्या दिशेला फांकतातहि. आणि हे भरकटलेले किरण काचेवर पडून सारें चित्र करडें करून टाकतात. दाट धुक्यांत कंदील पेटविला तर वाट दिसण्याऐवजीं धुकेंच उजळतें, तसाच हा प्रकार. यावर बर्लिनच्या गुस्टाव्ह बुकी यानें १९१३ सालीं तोड काढली. शिशाच्या पातळ पट्ट्यांची एक जाळी त्यानें रोगी व काच यांच्यामध्यें बसविली. सरळ येणारे किरण फटींतून पार होत, तिरपे किरण पट्ट्यांत अडकत. दोष एवढाच कीं, जाळीची स्वतःची छायाहि चित्रांत उमटे. शिकागोच्या हॉलिस पॉटर यानें किरण चालू असतांना ती जाळी हलती ठेवण्याची युक्ति योजिली, तेव्हां तो दोषहि गेला. त्याच १९१३ सालीं अमेरिकेंत विल्यम कूलिज यानें तप्त तंतूची भरंवशाची नळी सिद्ध केली होती. या साऱ्यांच्या योगानें मिनिटांचें काम सेकंदांवर आलें. रुग्णालयांत आजहि त्या जाळीच्या खणाला 'बुकी' म्हणतात. तें एका माणसाचें नांव आहे हें बहुतेकांच्या ध्यानींमनींहि नसतें.

चित्र उमटलें म्हणजे तें समजलें असें मात्र नव्हे. कंबरेच्या हाडांच्या कड्याला कटीर म्हणतात. मागें पाठीच्या कण्याच्या तळाशीं असलेलें त्रिकोणी हाड, दोन्ही अंगांना पंखांप्रमाणें पसरलेलीं दोन रुंद हाडें, आणि पुढें मध्यावर त्यांची गांठ. या पंखांच्या बाहेरच्या बाजूस एकेक वाटीसारखा खळगा असतो व त्यांत मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो; तोच खुबा. हें सारें घन, पुढेंमागें खोली असलेलें. आणि चित्र मात्र सपाट. पुढचें व मागचें हाड त्यांत एकावर एक पडतें. म्हणून जाणता वाचक पहिल्यानें रोग शोधीत नाहीं. रोगी सरळ निजला होता कीं नाहीं हें पाहतो. कटीराच्या खालच्या भागांत हाडांनीं वेढलेलीं दोन मोठीं छिद्रें दिसतात. तीं सारख्या आकाराचीं दिसलीं तर अंग सरळ होतें. एक मोठें व एक चिंचोळें दिसलें तर रोगी कलला होता, आणि मग डाव्या-उजव्यांच्या तुलनेला फारसा अर्थ उरत नाहीं. तीच गोष्ट पावलांची. मांडीच्या हाडाची मान किंचित् पुढें वळलेली असते. म्हणून पायांचे अंगठे एकमेकांना टेकतील अशा रीतीनें पावलें सुमारें पंधरा अंश आंत वळवावीं लागतात. पावलें बाहेर पडूं दिलीं तर ती मान आंखूड दिसते, आणि तिच्यांतील बारीक मोड डोळ्यांदेखत निसटून जातो.

अशा वाचनाचें एक सुंदर साधन लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील एडवर्ड शेंटन यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दिलें. मांडीच्या हाडाच्या मानेची आंतली कड आणि वर सांगितलेल्या छिद्राची वरची कड यांवरून मनांतल्या मनांत एक रेषा ओढावी. खुबा जागेवर असेल तर ती कमानीसारखी अखंड जाते. कमान तुटली कीं सांधा निखळला आहे किंवा मान मोडली आहे असें समजावें. यासाठीं यंत्र लागत नाहीं. पट्टीहि लागत नाहीं.

परंतु या चित्रानें सर्वांत मोठा उलगडा केला तो लहान मुलांच्या बाबतींत. त्या काळीं युरोपांत मूल लंगडूं लागलें व त्याचा खुबा दुखूं लागला कीं वैद्याच्या तोंडीं बहुधा एकच शब्द येई: क्षय. भीति निराधार नव्हती. हाडांच्या क्षयानें खुबा पोखरून निघे, पू वाहे, मूल झिजत जाई, आणि जगलें तर जन्माचें अधू होई. औषध कांहींच नव्हतें. पायाला वजन बांधावें, प्लास्टरांत जखडून ठेवावें, समुद्रावर न्यावें, आणि वाट पाहावी. महिने नव्हे, वर्षें. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर बेर्क नांवाचें गांव आहे. तेथें अशा मुलांसाठीं मोठमोठीं रुग्णालयें उभारलीं होतीं आणि खाऱ्या वाऱ्यांत शेंकडों मुलें उताणीं निजून दिवस काढीत होतीं.

यांतील कांहीं मुलांची तऱ्हा वेगळी असे. त्यांना ताप नसे, गळूं होत नसे, अंग सुकत नसे. दोन-तीन वर्षांनीं तीं चालूं लागत. फार तर पाय किंचित् आंखूड राही. वैद्य म्हणत, उपचाराला यश आलें. हा उपचाराचा गुण नसून मुळांत क्षयच नव्हता, ही शंका येण्यास क्ष-किरणांचीं चित्रें हातीं यावीं लागलीं.

ही शंका तीन देशांत तीन शल्यवैद्यांना एकमेकांच्या नकळत आली. बोस्टन येथील आर्थर लेग यानें १९०९ सालीं अशा पांच मुलांची हकीकत वैद्यांच्या सभेपुढें ठेवली व ती १९१० च्या आरंभीं छापली. त्याच वर्षीं बेर्क येथील झाक काल्वे यानें तेथील खुब्यांच्या चित्रांचा ढीग उपसून त्यांतून दहा मुलें वेगळीं काढलीं. आणि वर्ष संपण्यापूर्वीं ट्युबिंगेनच्या गेओर्ग पर्थेस यानें सहा मुलांविषयीं लिहिलें. चित्रांत त्यांना काय दिसलें? क्षयांत गोळा आणि वाटी दोन्ही बाजूंचीं हाडें फिकटून विरघळूं लागतात व त्यांच्यामधील फट अरुंद होते. येथें वाटी शाबूत, फट उलट रुंद, आणि बिघाड एकट्या गोळ्यांत. तो आधीं पांढराफटक व घट्ट दिसे. पुढें त्याचे भाकरीच्या चुऱ्यासारखे तुकडे पडलेले दिसत. आणि मग तो पुन्हां भरून येई, पण चपटा, भूछत्राच्या टोपीसारखा.

कारणाविषयीं मात्र एकमत नव्हतें. लेगला वाटलें, मार लागून गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. काल्वेनें मुडदुसाकडे बोट दाखविलें. पर्थेसनें आधीं संधिवात मानला व मागाहून मत बदललें. गोळ्याला रक्त मिळेनासें होऊन तो मरतो एवढें आज निश्चित आहे. तें कां मिळेनासें होतें याचें समाधानकारक उत्तर शंभर वर्षांनंतरहि नाहीं. चवथा एक मनुष्य होता, स्टॉकहोमचा हेन्निंग वाल्डेनस्ट्रोम. त्यानें हीच चित्रें १९०९ सालीं प्रसिद्ध केलीं होतीं. परंतु हा क्षयाचाच सौम्य प्रकार होय असा त्याचा समज झाला. डोळ्यांना दिसलें पण नांव चुकलें, आणि रोगाच्या नांवांत लेग, काल्वे व पर्थेस हे तिघेच उरले.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रोगाचें नांव बदललें म्हणून मुलांची खाट सुटली नाहीं. मऊ पडलेल्या गोळ्यावर भार येऊं नये म्हणून पुढेंहि कित्येक दशकें हीं मुलें अंथरुणावर किंवा लोखंडी पट्ट्यांत अडकवून ठेवलीं जात होतीं. मरणाचें भय गेलें. बालपणाचीं दोन-तीन वर्षें मात्र जावयाचीं तीं गेलींच. गोळा वाटींत नीट बसवून ठेवावा म्हणजे वाटीच त्याला वळण देते, हा विचार पुढें रुळला. तो केव्हां अमलांत आणावा याचें उत्तर आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर शोधलें गेलें. हा रोग त्या किनाऱ्याच्या दक्षिण भागांत बराच आढळतो. मणिपाळ येथील बेंजामिन जोसेफ व त्यांचे सहकारी यांनीं ६१० मुलांचीं क्रमवार चित्रें लावून पाहिलीं व २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: गोळ्याचे तुकडे पडण्याची अवस्था पुढें सरकण्यापूर्वींच उपाय झाला पाहिजे, त्यानंतर आकार हातचा जातो. एका चित्रानें हें समजलें नसतें; एकाच मुलाचीं चार-सहा चित्रें शेजारीं ठेवल्यावर समजलें.

तान्ह्या मुलांच्या बाबतींत हीच छाया फसवी ठरली. कांहीं अर्भकांचा खुबा जन्मतःच सैल किंवा निखळलेला असतो. परंतु नवजात मुलाच्या मांडीचा गोळा हाड नसून कूर्चा असतो, आणि कूर्चा या किरणांना पाण्याइतकीच पारदर्शक. जो गोळा जागेवर आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, तोच चित्रांत नाहीं! हाडाचा पहिला ठिपका त्यांत सामान्यतः चवथ्या ते सहाव्या महिन्यांत उगवतो. तोंपर्यंत शेजारच्या हाडांवर रेषा ओढून अदृश्य गोळ्याची जागा ठरवावी लागते. प्रागच्या हिल्गेनरायनर यानें १९२५ सालीं दोन्ही वाट्यांच्या तळांतील कूर्चेच्या खुणांना जोडणारी आडवी रेषा सुचविली. तिच्याशीं वाटीच्या छपराचा कोन नवजात मुलांत तीस अंशांच्या वर गेला तर वाटी उथळ असल्याचा संशय घ्यावा. युक्ति चांगली होती, पण अप्रत्यक्षच. फेर्रारा येथील बालरोगवैद्य मारिनो ओर्तोलानी यानें १९३७ सालीं दाखवून दिलें कीं, अर्भकाच्या मांड्या हलक्या हातानें फांकल्या असतां निखळलेला गोळा परत वाटींत शिरतांना बोटांना 'टक्' असें जाणवतें. जें काचेला दिसत नव्हतें तें बोटांना कळलें. पुढें १९८० सालीं ऑस्ट्रियाच्या राइनहार्ट ग्राफ यानें ध्वनिलहरींनीं ती कूर्चाच प्रत्यक्ष दाखविली, आणि पहिल्या कांहीं महिन्यांपुरता तरी क्ष-किरणांचा मान सोनोग्राफीकडे गेला.

म्हाताऱ्या माणसांच्या खुब्याचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. पाय घसरून पडलेल्या आजीबाईंचें चित्र स्वच्छ आलें तरी दुखणें थांबत नसेल व पाय टेकवत नसेल, तर हाड मोडलें नाहीं असा कौल त्या चित्रावर विसंबून देऊं नये, एवढें येथें पुरे. बारीक मोड कधीं कधीं छायेंत उतरतच नाहीं. आणि मनमोहन सिंग, नागरथ व मैनी या भारतीय वैद्यांनीं १९७० सालीं मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकांतील तंतूंच्या रेषा कोणत्या क्रमानें पुसट होत जातात यावरून हाडाच्या ठिसूळपणाच्या पायऱ्या ठरविल्या, हेंहि नमूद केलें पाहिजे. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती मोजणी सिंग यांच्या नांवानें गेली.

आतां या छायेच्या इतिहासांतील सर्वांत अवघड प्रकरण. कटीर हें केवळ हाडांचें कडें नव्हे. तो मनुष्याच्या जन्माचा दरवाजा आहे. लहानपणीं मुडदूस झालेल्या मुलींचें कटीर चपटें व अरुंद होई, आणि प्रसूतीच्या वेळीं मूल अडून दोघांचाहि जीव जाई. म्हणून हा दरवाजा आगाऊ मोजून ठेवण्याची धडपड फार जुनी. पॅरिसच्या बोदलोक यानें अठराव्या शतकांतच त्यासाठीं कैंची केली होती. पण ती बाहेरून मोजणार, आंतली जागा अंदाजानेंच. क्ष-किरण आले तेव्हां प्रसूतिवैद्यांना वाटलें, आतां आंतलें माप हातीं आलें. तेंहि सरळ नव्हतें. भिंतीपासून दूर धरलेल्या हाताची छाया मोठी पडते, त्याप्रमाणें काचेपासून दूर असलेलें हाड चित्रांत वाढून दिसतें. येल येथील हर्बर्ट थॉम्स यानें यावर नामी तोड काढली. स्त्री उठून गेल्यावर, जेथें तिच्या कटीराचें तोंड होतें नेमक्या त्याच उंचीवर त्यानें सेंटिमीटर-सेंटिमीटरला छिद्रें पाडलेला शिशाचा पत्रा धरला व त्याच फिल्मवर पुन्हां किरण सोडले. हाड जितकें वाढलें तितकींच छिद्रांमधलीं अंतरेंहि वाढलीं. मोजपट्टी चित्रांतच उमटली. १९३३ सालीं न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल व मॉलॉय यांनीं चित्रांवरून स्त्रियांच्या कटीराचे चार नमुने ठरविले, आणि विद्यार्थी ते पाठ करूं लागले. प्रत्यक्षांत बहुतेक स्त्रियांचें कटीर दोन नमुन्यांच्या मध्यें कोठें तरी पडतें. शिवाय प्रसूतीच्या वेळीं सांधे सैल होतात, बाळाच्या डोक्याचीं हाडें एकमेकांवर सरकून डोकें निमुळतें होतें. यांतलें कांहींच त्या स्थिर छायेंत नसतें. तरीहि १९३० ते १९५० च्या दशकांत अनेक देशांत गर्भवतीच्या कंबरेचें चित्र काढणें ही नित्याची गोष्ट होऊन बसली. त्यांत कोणाचा वाईट हेतु नव्हता. काळजी घेण्याचाच तो एक भाग समजला जाई.

१९५० नंतर इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथील डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांना एक गोष्ट खटकत होती. दोन ते चार वर्षांच्या मुलांत ल्युकीमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, वाढत चालला होता. त्यांनीं ठरविलें कीं, मेलेल्या मुलांच्या आयांनाच विचारावें. डॉक्टर जें विसरले असतील तें आया विसरल्या नसतील. या कल्पनेला मोठ्या संस्थांकडून पैसा मिळेना. जे एक हजार पौंड मिळाले ते लेडी टाटा स्मारक निधींतून. या निधीची कथा मुंबईची आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं विलायतेंत ल्युकीमियानें वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनीं या रोगाच्या संशोधनासाठीं १९३२ सालीं हा निधि स्थापिला, आणि त्याच वर्षीं ते स्वतःहि निवर्तले. परळचें टाटा रुग्णालय मुंबईकरांच्या परिचयाचें आहे. तेंहि मेहेरबाईंच्याच स्मृतीचें. पण त्याच दुःखांतून निघालेला हा दुसरा झरा ऑक्सफर्डच्या एका कार्यालयापर्यंत पोंचला होता, हें फारसें कोणाला ठाऊक नसतें.

एवढ्याशा रकमेंत स्वतंत्र नोकरवर्ग ठेवणें शक्य नव्हतें. स्टुअर्टबाईंनीं प्रश्नावल्या छापल्या आणि गांवोगांवच्या आरोग्याधिकाऱ्यांकडून भरून घेतल्या. एक प्रश्न असा होता: गर्भवती असतांना तुमच्या पोटाचें क्ष-किरण चित्र काढलें होतें काय? १९५६ सालीं पहिला हिशेब प्रसिद्ध झाला. कर्करोगानें गेलेल्या ५४७ मुलांच्या आयांपैकीं ८५ जणींनीं होय म्हटलें होतें. तितक्याच निरोगी मुलांच्या आयांपैकीं ४५ जणींनीं. जवळजवळ दुप्पट. १९५८ सालचा विस्तृत अहवालहि हेंच सांगत होता.

विरोध झाला, आणि तो सर्वस्वी अयोग्यहि नव्हता. मूल गमावलेली आई मागचें प्रत्येक पाऊल आठवून पाहते. निरोगी मुलाच्या आईला चित्र काढल्याचें आठवेलच असें नाहीं. रिचर्ड डॉल यांच्यासारख्या मातबर संशोधकांनीं १९६० सालीं वेगळी पाहणी करून असा संबंध आढळत नसल्याचें सांगितलें. परंतु १९६२ सालीं हार्वर्डच्या ब्रायन मॅकमाहन यांनीं अमेरिकेंतील सात लाखांहून अधिक जन्मांचा मागोवा घेतला. त्यांनीं आयांच्या आठवणीवर भिस्त ठेवली नाहीं. रुग्णालयांच्या दप्तरांत जन्मापूर्वींच जी नोंद झाली होती तीच घेतली. पोटांत असतांना किरण लागलेल्या मुलांत कर्करोगाचे मृत्यु सुमारें चाळीस टक्क्यांनीं अधिक निघाले. पुढें १९९७ सालीं स्वतः डॉल यांनीं वेकफर्ड यांच्यासह साऱ्या पुराव्याचा आढावा घेऊन हा धोका खरा असल्याचें मान्य केलें. एकेका मुलापुरता तो लहानच होता; चित्र काढलेल्या बहुसंख्य आयांचीं मुलें धडधाकट वाढलीं. पण ज्या घरांत तो फळला, त्या घरांत तें चित्र बाळाच्या काळजीपोटींच काढलेलें होतें.

गर्भवतीचें कटीर किरणांनीं मोजण्याची प्रथा एका दिवसांत थांबली नाहीं. ती ओसरत गेली. ती ओसरण्यास दुसरी वाट उघडी झाली हेंहि कारण होतें. ज्या १९५८ सालीं स्टुअर्टबाईंचा विस्तृत अहवाल निघाला, त्याच वर्षीं ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांनीं ध्वनिलहरींनीं पोटांतील गर्भ पाहतां येतो हें प्रसिद्ध केलें.

लहान मुलांच्या खुब्याचें चित्र काढतांना जननेंद्रियांवर शिशाची पट्टी ठेवण्याचा रिवाज याच सुमारास रूढ झाला, आणि तो सुमारें साठ वर्षें निष्ठेनें पाळला गेला. मुलींच्या बाबतींत पट्टी पुष्कळदां चुकीच्या जागीं पडे, कारण अंडाशय नेमके कोठें आहेत हें बाहेरून समजत नाहीं. कधीं ती पाहावयाच्या हाडावरच येई, आणि चित्र पुन्हां काढावें लागून मुलाला दुप्पट किरण लागत. मधल्या काळांत यंत्रें इतकीं सुधारलीं कीं एका चित्राला लागणारे किरण जुन्या मानानें अगदीं थोडे झाले. २०१९ सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघानें ही पट्टी सरसकट वापरण्याचें सोडून द्यावें असें जाहीर केलें, व त्यापाठोपाठ इतर संस्थांनींहि तसाच सल्ला दिला. कित्येक आईबाप अजूनहि ती पट्टी मागून घेतात, आणि चित्र काढणाऱ्याला प्रत्येक वेळीं त्यांची समजूत घालावी लागते.